मागचंच धरलं

लॅबमधल्या दीदीची तक्रार एकच होती, की माझं ॲप मुकं आहे. बटण दाबलं की विंडोच्या मधोमध एक चक्र फिरत राहायचं आणि पाऊण तासाने चोवीस बाटल्यांचे आकडे एकदम समोर यायचे. मधल्या वेळात मशीन काम करतंय की झोपलंय, हे कळायला काही मार्ग नव्हता. ती कंटाळून पुन्हा बटण दाबायची आणि यंत्राचा हात परत पहिल्या बाटलीवर जायचा. मग मला म्हणायची, "भाभी, इसमें कुछ चलता हुआ दिखाइए ना. कुछ भी. बस पता चले कि ज़िंदा है."

दीदी माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, लखनौचीच, एम.एस्सी. झालेली. मी तिला दीदी म्हणते आणि ती मला भाभी. त्यात आम्हा दोघींनाही काही वावगं वाटत नाही.

आमची लॅब चिनहटला, फैजाबाद रोडवरून आत गेल्यावर एका शेडच्या वरच्या मजल्यावर आहे. गावोगावच्या हातपंपांचं पाणी तिथे तपासायला येतं, मुख्यतः फ्लोराइडसाठी. आकडा दीडच्या वर गेला की त्या पंपाचं तोंड लाल रंगवतात. लाल पंपाच्या पाण्यानं भांडी घासा, कपडे धुवा, पण पिऊ नका. वर्षानुवर्षं तसलं पाणी पोटात गेलं तर पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढं हाडंही धड राहत नाहीत. तेव्हा आमच्याकडून जाणाऱ्या एका आकड्यावर कुठल्या तरी गावात रंगाचा डबा उघडायचा की नाही, हे ठरतं. मला हे माहीत होतं. माहीत होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मी आठवी पास. नववीचे दोन महिने झाले आणि वडील अंथरुणाला खिळले, तिथे शाळा संपली. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामात देशभर पसरलीत. कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, गलाईचं एक तरी दुकान आमच्याकडच्या माणसाचं निघतंच. माझे मालक त्यातलेच. लग्न होऊन लखनौला आले तेव्हा मला हिंदीत धड भाजी घेता येत नव्हती. निशातगंजला दोन खोल्या, एक मुलगी, आणि सकाळभर रिकामे हात. मग अलीगंजला एका मराठी बाईंकडे स्वयंपाकाला लागले. संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या शास्त्रज्ञ, एकट्या राहणाऱ्या. त्यांना ज्वारीची भाकरी करून देणारं कुणीतरी हवं होतं. मी त्यांना काकू म्हणते.

मला काम करताना पुटपुटायची सवय आहे. पाणी उकळलं. पीठ घेतलं. तवा तापला. पहिली टाकली. काकू एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, तू हे स्वतःला सांगतेस की तव्याला? मी लाजले. पुढे त्यांनीच मला कॉम्प्युटर शिकवायला घेतला. आधी टाइप करायला, मग हिशेबाची पानं, मग दोन वर्षांनी प्रोग्रॅम. मी म्हणत होते, काकू, हे आठवीवाल्याचं काम नव्हे. त्या म्हणाल्या, तुझी भाकरी बिघडली तर कुठे बिघडली ते तुला कळतं ना? मग हेही कळेल. प्रोग्रॅमलापण पुटपुटायला लाव. काय केलं, काय झालं, एकेक ओळ. त्याला लॉग म्हणतात. कुठल्या भाषेत लिहू, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, मनात ज्या भाषेत बोलतेस त्याच. हे तुझ्यासाठी आहे, जगासाठी नाही.

चिनहटच्या लॅबचे सर काकूंचे जुने विद्यार्थी. त्यांच्या शब्दावर मला तिथे बाटल्या धुवायचं काम मिळालं. नव्या मशीनचे आकडे दीदी हाताने वहीत उतरवत असे, ते मी बघितलं आणि काकूंना सांगितलं. त्यानंतर पाच महिने अलीगंजच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघींनी तो प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे मी लिहिला आणि काकू शेजारी बसून शेंगा सोलत राहिल्या. लॅबमध्ये तो चालला त्या दिवशी सरांनी मला दीदीच्या शेजारी खुर्ची दिली. चाकांची, पाठीला टेकायला जाळी असलेली. पहिले काही दिवस मी तिच्या कडेवरच बसायची. कुणीतरी येऊन उठ म्हणेल, असं वाटायचं. अजूनही वाटतं.

तर ते मुकं ॲप. खरं म्हणजे ते मुकं नव्हतं. मशीन चालवणारा भाग मागे वेगळा चालायचा आणि ठरल्याप्रमाणे मराठीत एकेक ओळ पुटपुटायचा, एका काळ्या चौकटीत. पण सुरुवातीला दीदीने ती काळी चौकट कसला व्हायरस समजून दोनदा बंद केली आणि दोन्ही वेळा मशीन अर्ध्यात थांबलं. म्हणून मी ती चौकट लपवून टाकली. पुटपुटणं चालूच होतं, फक्त ते ऐकणारं कुणी नव्हतं. मीही नाही.

आता तेच पुटपुटणं ॲपच्या विंडोत, सगळ्यांना दिसेल असं, चालता चालता आणायचं होतं. वाटलं होतं दोन दिवसांचं काम, लागले अठरा. पहिल्यांदा मी विंडोलाच सांगितलं, की मागून येणाऱ्या ओळी वाचत बस. ती वाचत बसली आणि बाकी सगळं विसरली. बटण दाबलं जाईना, पडदा पांढराफटक. दीदी म्हणाली, अच्छा, पहले गूँगा था, अब बेहोश है. मग वाचायचं काम मी वेगळ्या धाग्याला, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाजूला स्वतंत्र चालणाऱ्या तुकड्याला, दिलं, तर ओळी येईचनात, आणि पाऊण तासाने सगळ्या एकदम धो धो आल्या. त्या मधे साठत होत्या. भांडं भरल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, अशी त्या प्रोग्रॅमची समजूत होती. प्रत्येक ओळ लिहिली की लगेच पुढे ढकल, असं त्याला बजावलं तेव्हा त्या एकेक यायला लागल्या, पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं. मराठी अक्षरं वाटेत मोडत होती. इंग्रजीत लिहून मोकळी झाले असते, पण माझं इंग्रजी म्हणजे सांगायला नको. चार दिवस डोकं खाजवून मी ती अक्षरं नीट आणली. शेवटी असं बसलं: वाचणारा धागा आलेली ओळ एका रांगेत ठेवतो, विंडो सेकंदाला दहा वेळा त्या रांगेकडे नजर टाकते, असेल ते उचलून खाली चिकटवते आणि पान आपोआप वर सरकतं.

डिसेंबरातली सकाळ होती. दीदी, सर, नमुने आणणारे गाडीवाले भैया, सगळे माझ्या खुर्चीमागे उभे. मी बटण दाबलं.

"बाटली एक. काडी बुडवली. थांबले. आकडा आला." आकडा. "काडी धुतली. बाटली दोन."

काडी म्हणजे मशीनच्या हाताला लावलेला, पाण्यात बुडणारा इलेक्ट्रोड. लॉगमध्ये मी त्याला काडीच म्हणत आले होते. दीदीला फार मजा वाटली. ती एकेक ओळ आपल्या उच्चारात मोठ्याने वाचत होती. लिपी तीच, त्यामुळे अक्षर अन् अक्षर वाचता येत होतं, अर्थ अधूनमधून. मी सरांना विचारलं, हिंदीत करून देऊ का? सर म्हणाले, रहने दीजिए, समझ में आ ही जाता है, अच्छा लग रहा है. भैया म्हणाले, जैसे कोई अंदर बैठके काम कर रहा हो. मला इतकं बरं वाटत होतं की मी खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसले. पहिल्यांदाच.

"बाटली चौदा. काडी बुडवली. थांबले. उत्तर नाही. मागचंच धरलं. काडी धुतली. बाटली पंधरा."

दीदीने तेही वाचलं. "मागचंच धरलं." पुढची ओळ आली, तीही वाचली.

मी मान वळवून मशीनच्या शेजारच्या मीटरकडे बघितलं. मीटरला स्वतःचा छोटा पडदा आहे. तिकडे आता कुणी बघत नाही, कारण आकडे कॉम्प्युटरवर येतात. मीटरवर चौदाव्या बाटलीचा आकडा होता एक पूर्णांक एक. विंडोत चौदासमोर लागला होता शून्य पूर्णांक सहा दोन. तेराव्या बाटलीचा.

ही ओळ मी अलीगंजला लिहिली होती. काकूंच्या टेबलावर मीटर नव्हता, त्यामुळे आकडा मागितला की उत्तर येत नसे आणि प्रोग्रॅम तिथेच अडून बसे. मग तात्पुरतं म्हणून मी लिहिलं, की उत्तर आलं नाही तर आधीच्या बाटलीचा आकडा धर आणि पुढे चल. म्हणजे निदान बाकीचं तपासता येईल. काकू म्हणाल्या होत्या, लॅबमध्ये नेशील तेव्हा हे आधी काढ. मी हो म्हणाले होते. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी तो इतका सुरळीत चालला, सगळ्यांनी इतकं कौतुक केलं, खुर्ची मिळाली. मला आठवलंसुद्धा नाही.

आणि तो सुरळीत का चालला, ते मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. यंत्राचा हात लांबच्या बाटल्यांकडे वळला की मीटरची केबल ताणली जात होती. क्षणभर संपर्क तुटे. मीटर आपला आकडा बरोबर दाखवत राही, पण तो कॉम्प्युटरपर्यंत पोचत नसे. माझा प्रोग्रॅम न अडखळता मागचा आकडा लावून पुढे जाई. आठ महिने.

मागे टाळ्या वाजत होत्या. सरांनी तिथल्या तिथे काकूंना फोन लावला. "मैम, आपकी शिष्या ने कमाल कर दिया. कल गाड़ी भेज रहा हूँ, अपनी आँखों से देखिए." दीदी मला म्हणाली, भाभी, रो क्यों रही हैं? मी म्हणाले, खुशी से.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी जुने रिपोर्ट काढले. लॉग कुठे जपलेला नव्हताच. तेव्हा दुसरी काय खूण असेल, तर लागोपाठच्या दोन बाटल्यांचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा. तशा जोड्या शोधत गेले. अकरा सापडल्या, सगळ्या तेराव्या बाटलीच्या पुढच्या. त्यातल्या काही खरोखरच सारख्या असतील, हे कळत होतं. पण एका जोडीतली दुसरी बाटली प्राथमिक शाळेच्या पंपाची होती. आकडा शून्य पूर्णांक पाच आठ, पिण्यास योग्य, खाली सरांची सही. जेवणाचा डबा मी उघडलाच नाही.

मग मी जे केलं तेही सांगते. ती ओळ मी काढून टाकली. आकडा धरायचं बंद केलं नाही हं, फक्त ते सांगायचं बंद केलं. मशीन रिकाम्या बाटल्यांवर फिरवून बघितलं. विंडो स्वच्छ. बाटली तेरा, बाटली चौदा, बाटली पंधरा, कुठे काही नाही.

संध्याकाळी निशातगंजच्या चौकात उतरले. घरी मालक लवकर आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिथं मराठी कळतंय कुणाला? केबल घट्ट कर, ती ओळ बदल, उद्यापासून बरोबर चालव. झालं गेलं."

"आणि शाळेचा पंप?"

"तुला काय माहीत तो वाईटच आहे म्हणून?"

हे खरं होतं. मला माहीत नव्हतं. मालक वाईट मनाचे नाहीत. त्यांच्या धंद्यात फुफ्फुसं कशी जातात ते त्यांनी जवळून बघितलंय, आणि मी एका बंद खोलीत, पंख्याखाली, खुर्चीत बसून काम करते याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त अप्रूप आहे. ती खुर्ची जाऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं. माझंही तेच होतं. मुलगी शेजारी अभ्यास करत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. ती मान वर न करता म्हणाली, "मम्मा, पर काकू को तो मराठी आती है."

सकाळी लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी पोचले. तासभर ॲप उघडून बसले. सरांना काय सांगायचं, ते हिंदीत जुळवून बघत होते आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. तोंडाने सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. तेव्हा मी एवढंच केलं, काढलेली ओळ परत घातली. ज्यांना वाचता येईल त्या वाचतील, असं ठरवलं. याला धीर म्हणत नाहीत, मला माहीत आहे. मी आपलं काम दुसऱ्यावर ढकललं, आणि तेही सत्तरीच्या बाईवर.

काकू आल्या, हातात काठी, अंगावर शाल. दीदीने त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. मी मागे उभी. सरांनी स्वतः बटण दाबलं. ओळी यायला लागल्या आणि काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. त्या दर ओळीला मान डोलवत होत्या. "काडी!" म्हणून हसल्या. सरांना म्हणाल्या, ये ऐसे ही बोलती है, रोटी बनाते समय भी.

बाटली तेरा नीट गेली. चौदाही नीट. पंधरा नीट. केबल आज ताणली तरी तुटत नव्हती. माझ्या मनात आलं, देवा, आजच्या दिवस असंच जाऊ दे. आणि लगेच, नको. सोळाही गेली.

"बाटली सतरा. काडी बुडवली. थांबले. उत्तर नाही. मागचंच धरलं."

काकूंची मान डोलायची थांबली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. ओळ वर सरकत होती, त्या तिच्याबरोबर नजर वर नेत होत्या. दीदी हसत हसत वाचत होती. मग काकू खुर्चीसकट वळल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरलेला होता, जसं काही मी त्यांच्यासमोर जिन्यावरून पडले होते.

"हे अजून आहे?" त्यांनी मराठीत विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"यांना सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. बाकीचे आम्हा दोघींकडे बघून हसत होते. त्यांना वाटलं, गुरू-शिष्येचं काही कौतुकाचं चाललंय.

काकूंनी काठी दोन्ही हातांत धरली. "मी इथे बसते," त्या म्हणाल्या. "तू सांग. हिंदीत सांग."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, वाक्यं मोडकी होती. एवढं आठवतं, की मधेच दीदीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, म्हणजे ते काढायचं ती विसरली. मी अकरा जोड्यांचा कागद पुढे केला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. शाळेच्या नावावर बोट ठेवून ते दीदीला म्हणाले, "बोतल है अभी?" आम्ही नमुने सहा महिने ठेवतो. दीदी कपाटाकडे धावली.

अकरापैकी नऊ बाटल्या कपाटात होत्या. सरांनी स्वतः हाताने काडी धरून, कॉम्प्युटर बंद ठेवून, मीटरच्या छोट्या पडद्यावर बघत एकेक तपासली. चार बरोबर निघाल्या. चार चुकलेल्या होत्या, पण दीडच्या आत. शेवटची बाटली शाळेची. आकडा चढत गेला. एक. दीड. तिथे थांबेल असं वाटलं. दोन. दोन पूर्णांक चारवर स्थिर झाला. काडी पाण्यात तशीच होती.

मी खुर्चीपासून लांब, भिंतीला टेकून उभी होते. लॅबची किल्ली पर्समधून काढून मी हातात धरली होती, कारण मागायच्या आधी दिलेली बरी. दीदी हळूच म्हणाली, मीटर तो मैं भी नहीं देखती थी. सर तिच्याकडे न बघता म्हणाले, सही तो मेरी है. मग त्यांनी माझ्या हातातली किल्ली बघितली.

"ये रखिए," ते म्हणाले. "एक महीना मशीन बंद. सब हाथ से लिखा जाएगा, आप बोतलें धोएँगी. और इस बीच इसे दो चीज़ें सिखाइए. हिंदी, और रुकना."

त्याच दुपारी सरांनी अकरा ठिकाणच्या पत्रांवर सही केली. आधीचा रिपोर्ट रद्द, पाणी पुन्हा तपासत आहोत, शाळेचा पंप तत्काळ बंद करावा. शाळेत त्यांनी फोनही केला. काकूंना मी अलीगंजला पोचवायला गेले. गाडीत त्या म्हणाल्या, "मी तुला ते काढायला सांगितलं होतं का? मला आठवत नाहीये. आठवायला हवं होतं."

मला वाटलं असतं तर मी गप्प बसू शकले असते. "सांगितलं होतं, काकू," मी म्हणाले. "मी हो म्हणाले होते." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि तो घर येईपर्यंत काढला नाही. त्या दिवशी मला त्या हाताची लाज वाटत होती. आज तसं वाटत नाही.

आठवड्याने भैयांनी मोबाइलवर फोटो दाखवला. शाळेच्या अंगणातला पंप, तोंड लाल, रंग ओला. शेजारी बादली घेतलेली एक बाई, कपाळाला आठ्या. शाळेत पोरांचं जेवण शिजवणारी, भैया म्हणाले. ती भैयांवर भडकली होती, की मागच्या वेळी तर तुम्हीच चांगलं आहे म्हणून सांगून गेलात. मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं? ते म्हणाले, मशीन का नाम ले दिया, और क्या कहता.

मी म्हणाले, पुढच्या वेळी मला न्या.

ताज्या नमुन्यासाठी भैया निघाले तेव्हा सरांना विचारून मी गाडीत बसले. धुकं इतकं होतं की भैया दिवे लावून चालवत होते. शाळा लहान, दोन खोल्या आणि पत्र्याखाली चूल. ती बाई चुलीशी बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. येताना सगळं घोकलं होतं, ऐनवेळी एवढंच बाहेर आलं: "वो पिछली बार का काग़ज़... वो मशीन ने नहीं, मैंने पास किया था. मुझसे ग़लती हुई."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मला वाटलं शिव्या देईल, आणि मला त्या हव्याही होत्या. तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"वो तो ठीक है," ती म्हणाली. "अब पानी कहाँ से लाएँ, ये बताओ."

मी भैयांकडे बघितलं. पंप लाल करायचा, इथपर्यंतच मला माहीत होतं. त्याच्या पुढे काय, हे आठ महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि मी स्वतः रोज स्वयंपाक करते. शाळेचा दुसरा पंप नव्हता. गावात एक चांगला होता, म्हणजे आमच्याच रिपोर्टात चांगला ठरलेला, शाळेपासून बराच लांब, शेताच्या बांधावरून जायचं. पंप लाल झाल्यापासून ती तिथूनच आणत होती. एकटी, पाच खेपा, चूल पेटवायच्या आधी.

त्या दिवसाच्या अजून तीन खेपा बाकी होत्या. तिने एक बादली उचलली. दुसरी मी उचलली. बांध ओला होता, तिने मागे न बघता सांगितलं, इधर से, वहाँ फिसलता है. मी तिच्या पावलावर पाऊल ठेवत गेले. पंपाला पोचल्यावर मी आधी बाटली भरून घेतली, तिच्यावर तारीख आणि जागा लिहिली, आणि मग बादल्यांसाठी दांडा मारायला लागले.